वैनगंगेच्या सासरी तापाची साथ

समुद्र कसा असतो, हे मी आरमोरी, सावली, मूल अशा कितीतरी बाजारांत उपड्या पेटीवर उभा राहून लोकांना सांगितलं आहे. लाटा किती उंच, वाळू किती मऊ, वारा कसा अंगाला लागतो. लोक तोंड उघडं ठेवून ऐकत. आणि त्या दिवसांत मी स्वतः पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे आसोलामेंढ्याचा तलाव!

आता धंदा मुलाकडे गेला. गुडघे गेले, दात गेले, आणि समोर बसून ऐकून घेणारी माणसंही एकेक करून गेली. म्हणून लिहायला बसलो.

माझा धंदा यात्रा काढण्याचा. पाच-पन्नास माणसं गोळा करायची, रेल्वेत बसवायची, देव दाखवायचा आणि परत आणून ज्याच्या त्याच्या दारात सोडायची. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीतल्या माणसाला भात लागतो, आणि तोही आपल्याच शेताच्या बांधीतल्या धानाचा. दुसऱ्याचा तांदूळ त्याच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून सोबत तांदळाची पोती, आचारी आणि भांडी. लोकांना वाटतं, मॅनेजरचं काम देव दाखवणं. देव आपला आपण दिसतो. मॅनेजरनं दाखवायचा असतो तो नळ, संडास आणि चहाची टपरी. ही तीन तीर्थं वेळेवर घडली, की प्रवासी जन्मभर तुमचं नाव घेतो.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मी पहिली मोठी यात्रा काढली, जगन्नाथपुरीची. माझा मेहुणा मूलला राइस मिल चालवायचा. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "नाई जमलं तं या मिलवर. कोंड्याच्या पोत्यांवर ध्यान ठेवाले मानूस पायजेच हाय." त्या कोंड्याच्या भीतीनं मी बाजारोबाजार समुद्र विकत हिंडलो.

आरमोरीच्या बाजारात माझ्यासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. गावाच्या शिवेवरचं मातामायचं, म्हणजे साथी आवरणाऱ्या देवीचं, ठाणं रोज झाडायची, सारवायची, म्हणून अख्खं गाव तिलाच मातामाय म्हणे. खरं नाव तिलाही आठवत नसावं.

"काऊन गा मॅनेजर," ती म्हणाली, "आमची वैनगंगा इथून निंगून जाते, ते जाते कुठी?"

"समुद्रात."

"म्हंजे तेच तिचं सासर."

"तेच."

"अन् तू नेऊन राह्यला त्याच समुद्रात?"

माझ्या डोळ्यांपुढं कोंड्याची पोती उभी राहिली. मी म्हटलं, "पुरीलाच तर मिळते ती! डोळ्यांनी दाखवतो."

मातामाय बाजारात तिथंच बसली. "लेक सासरी गेली का कोनीतरी जाऊन तिचं घर पाहून येते, वटी भरून येते. हे आमची लेक जन्मापासून जाऊनच राह्यली अन् गावातली एकही बाई पाह्याले गेली नाई. काय म्हनत असन ते?"

पुढच्या बाजाराला ती गाठोडं बांधून हजर. त्यात गावातल्या घराघरातून मूठमूठ आलेले तांदूळ, हिरवा खण, बांगड्या आणि एक नारळ. जाणत्या बायकांनी तिला बजावून पाठवलं होतं : वटी लेकीच्या पदरात पडली पाहिजे, गाठोडं परत आणायचं नाही. आणि लेकीच्या घरी जाणाऱ्या बाईसोबत माहेरचा पुरुषमाणूस लागतो, मुराळी. मातामायच्या मागंपुढं कोणी नव्हतं. तिनं माझ्याकडे बोट केलं. "मुराळी तू."

निघायच्या सुमारास पेपरात बातमी होती. जगभर फिरणारा एक नवा ताप जहाजातून मद्रासेला उतरला आहे, फ्लू म्हणतात. सावलीचे बिसनभाऊ, पाच बांध्यांचे धनी आणि पंचवीस शंकांचे मालक, त्यांनी विचारलंच, "मॅनेजरभाऊ, हा पुलू का काय तो आपल्याले गाठन का?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "तो जहाजातून आला ना? आपण रेल्वेनं चाललोय."

हे उत्तर त्यांना पटलं. मलाही पटलं, हे जास्त वाईट.

छोट्या गाडीनं गोंदिया, मोठ्या गाडीनं रायपूर. रायपूरला गाडी बदलायची. डब्यात शिरायला जागा नाही, माझी अर्धी माणसं फलाटावर, आणि मातामाय पाणी आणायला गेलेली. शिटी झाली. मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत होतो. गर्दीतून तिचं पांढरं डोकं दिसलं आणि मी जीव तोडून ओरडलो, "माता आली! अरे, आपल्या डब्यात माता आली! सरका, जागा करा!"

वाचकहो, आमच्याकडे 'माता आली' म्हणजे अंगावर देवी उठल्या, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रायपूरकडेही नेमकं तेच कळतं. हे न कळणारा त्या फलाटावर मी एकटा. डब्यातली माणसं दारातून, खिडक्यांतून, एकमेकांच्या ट्रंकांवरून बाहेर पडली. एक गृहस्थ धोतर खिडकीला अडकवून गेले, ते घ्यायलासुद्धा परत आले नाहीत. गाडी हलली तेव्हा अख्खा डबा आमचा होता.

"मॅनेजरभाऊ," पाय पसरत बिसनभाऊ म्हणाले, "मानलं तुमाले. गंज यात्रा पाह्यल्या, पन असा बंदोबस्त नाई पाह्यला."

मी मिशीवर ताव दिला. आमच्या पुढे पुढे ती बातमीही धावत होती, ते मला पुरीच्या फलाटावर उतरल्यावर कळलं. तिथं आमच्या स्वागताला सरकारी डॉक्टर, दोन शिपाई आणि चुन्याची बादली उभी होती. स्टेशनात निघून जाणाऱ्यांची तोबा गर्दी. समुद्राची हवा खायला आलेली कलकत्त्याची कुटुंबं वळकट्या, पिंजऱ्यातले पोपट, आजारी सासूबाई असं सगळं घेऊन परतीच्या गाडीवर तुटून पडली होती. फ्लू आमच्या आधीच पुरीत पोचला होता; तो जहाज सोडून रेल्वेनंही येतो, असं दिसलं.

"माता किधर है?" डॉक्टरांनी विचारलं.

मी अदबीनं मातामायला पुढं केलं. "यह है."

डॉक्टरांनी तिचे हात पाहिले, पाठ पाहिली, जीभ पाहिली. अंगावर एक पुळी नाही. मग राजन्नानं, म्हणजे आमच्या सिरोंच्याच्या तेलुगू आचाऱ्यानं, मोडक्या हिंदीत सगळा घोळ उलगडला. डॉक्टर इतके हसले की चुन्याच्या बादलीवर बसता बसता राहिले. बिचारे किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे. "जाओ, जाओ," ते म्हणाले आणि त्यांनी हात हलवला.

आणि तेवढ्यात मला शिंक आली. मग दुसरी. मग मोजता येणार नाहीत अशा.

डॉक्टरांचं हसू गेलं. थर्मामीटर माझ्या तोंडात गेला. चाळीस-पन्नास धडधाकट झाडीवाले आणि त्यांत ताप आलेला एकच : मॅनेजर. हुकूम झाला की गावात शिरायचं नाही, देवळात जायचं नाही. ताप उतरेपर्यंत गावाबाहेर वाळूवर राहा, नाहीतर याच गाडीनं परत. धर्मशाळेच्या माणसानं तर आम्हाला पाहूनच कुलूप घातलं होतं.

परत गेलो असतो तर हे लिहायला मी राइस मिलमध्ये बसलो असतो. वाचवलं राजन्नानं. वाळूवर कोळ्यांची वस्ती होती. नोलिया म्हणतात त्यांना. डोक्यावर पांढरी टोकदार टोपी, आणि धंदा समुद्रात प्रवाशांना हात धरून बुडवून काढायचा. प्रवासी पळाल्यामुळं ते हातावर हात ठेवून बसले होते. आपसात बोलत होते ते राजन्नानं ऐकलं आणि तो जवळजवळ नाचलाच. "अरे, हे तर तेलुगू बोलून राह्यले! हे आपले!" तिकडे 'अन्ना, अन्ना' सुरू झालं आणि चूल पेटायच्या आत झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आमचा सावलीचा तांदूळ त्यांच्याकडे गेला, त्यांचे मासे आमच्याकडे आले. इतकी सोपी देवघेव मी पुढं कुठल्या लॉजवर पाहिली नाही.

भांडी वाहायला मी आलापल्लीकडचा लालसू आणला होता. अर्धे केस पिकलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा गोंड माणूस. त्यानं कोणाला न विचारता नोलियांकडून दोरी घेतली आणि आमच्या मुक्कामाभोवती बांधून तिला हिरवे डहाळे लटकवले. आमच्या जंगलात साथ आली की गाव असंच बांधतात. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. मग त्यानं उरलेल्या दोरीनं माझी झोपडी वेगळी बांधली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तुझं गाव वेगळं," लालसू म्हणाला. त्या दिवसाचे उरलेले शब्द त्यात संपले.

माझ्या झोपडीचं दार होतं गावाच्या बाजूला, कारण समुद्राकडून वारा फार. म्हणजे पहा, ज्यानं जिल्हाभर समुद्र विकला, तो समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, समुद्राकडे पाठ करून पडला होता. रात्रंदिवस गाज ऐकू यायची. मला वाटायचं, मेहुण्याची मिल चालू आहे.

पहिले बिसनभाऊ आले. दोरीपलीकडे उकिडवे बसले.

"पाह्यला?" मी विचारलं.

"पाह्यला."

"कसा आहे?"

"पाळ नाई हो त्याले," बिसनभाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "एवढं पानी, अन् बांध नाई, पाळ नाई. कोन्या बेअकली मानसानं तलाव बांधला हा?"

मग सगळे रोज येऊन मला समुद्र सांगू लागले. मी बाजारात सांगितलेल्या समुद्राशी त्याचं काही जुळेना. वारा तर म्हणे चिकट.

मातामाय मात्र समुद्राकडे गेलीच नाही. माझ्या दोरीशी, समुद्राकडे पाठ करून, मांडीवर गाठोडं घेऊन बसली.

"मातामाय, जाऊन ये की. मी पडलोय असा."

"मुराळ्याआधी पोरीचं घर पाह्यलं तं लोक हासतीन."

"इथं कोण हसतंय?"

"ते हासन ना, वैनगंगा. म्हनन, मायेरचा मानूस रस्त्यातच सोडून आल्या काय?"

तेव्हापासून आम्ही दोघं, समुद्राला पाठमोरे, समोरच्या लॉजांकडे पाहत बसायचो. साथीत प्रवासी समुद्रावर कसा वागतो, याचं सगळं शिक्षण मला त्या दारातून मिळालं. पळणारे पळाले होते. उरलेल्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या. समुद्राच्या हवेसाठी आलेली माणसं, आणि हवेलाच दार बंद! गळ्यात कापराची पुरचुंडी, नाकाला निलगिरीचा रुमाल. मग कोणीतरी सांगितलं असावं की खाऱ्या पाण्यात रोग मरतो. लगेच नोकर बादल्या घेऊन वाळूवर धावले आणि समुद्र खोलीत नेऊ लागले.

"हे काय करून राह्यले?" मातामायनं विचारलं.

"घरात नेऊन आंघोळ करतात त्यानं."

"हात्तेरीच्या! पोरीले भेटाले आले अन् तिच्या घरचं पानी भरून नेऊन राह्यले."

मग एका जाड बाबूनं युक्ती काढली. भर दुपारी, कोणी नसताना फिरायला यायचं. ही युक्ती सगळ्यांनाच सुचली. वाळू तापून लाही होत असताना सगळे एकाच वेळी बाहेर, आणि एकमेकांना पाहून सगळे एकाच वेळी परत. नवं लग्न झालेलं एक जोडपं छत्रीखाली चिकटून बसलं होतं. बायकोला शिंक आली आणि नवरा छत्री घेऊन गेला. मी तापातही हसलो. पण एका सकाळी त्याच लॉजमधून एका म्हाताऱ्याला खाटेवरून बाहेर नेताना पाहिलं, मागं त्याची सून तोंडाला पदर लावून चालत होती, आणि मातामायनं हात जोडले. "ह्या पुलूले ना ठानं, ना पूजा," ती म्हणाली. "कोनाजवळ सांगावं, जा म्हनून?" त्या दिवशी आम्ही लॉजांवर बोललो नाही.

इकडे आमची माणसं मात्र समुद्रात पाळ शोधत होती. सकाळी नोलियांचा हात धरून डुंबायचं, वाऱ्यात भात शिजवायचा, वाऱ्यात झोपायचं. माझ्यानंतर एकालाही ताप आला नाही. हे लॉजवाल्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं असणार. एक दिवस तो जाड बाबू नाकाला रुमाल लावून थेट आमच्या दोरीपर्यंत आला. मी छाती फुगवली, म्हटलं, आता मॅनेजरला विचारतील. त्यांनी लालसूला विचारलं.

"यह क्या मंत्र है?"

लालसूनं विचार केला. "दोरी," तो म्हणाला.

"हमको भी एक दोरी," बाबू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं ते आजही डोळ्यांपुढं आहे. अख्ख्या वाळूवर दोऱ्या! प्रत्येक कुटुंबाचा दोरीनं आखलेला वेगळा वाडगा, प्रत्येक दोरीला हिरवे डहाळे, आत छत्र्या, सासूबाई, पोपटांचे पिंजरे. बादल्या बंद झाल्या. पांढऱ्या टोप्यांचे नोलिया या वाडग्यातून त्या वाडग्यात धावत होते, एकेका कुटुंबाला समुद्रात नेऊन आणत होते. त्यांच्या चुली पुन्हा दोन्ही वेळा पेटू लागल्या. आलापल्लीच्या जंगलातलं गावबंधन पुरीच्या वाळूवर फॅशन झालं, आणि लालसू आमची भांडी घाशीत बसला होता.

पण माझा ताप उतरेना, आणि मिरग जवळ आला. मिरगाला पेरणी. झाडीतला माणूस मिरग चुकवून वैकुंठातही थांबत नाही. बिसनभाऊ समुद्रावरचे ढग पाहून तळमळायचे. "इथून भरून निंगाले, मॅनेजरभाऊ. हे आपल्याआंधी घरी पोचतीन."

शेवटी त्यांनी मातामायला सांगितलं, "उद्या गाडी हाय. याचा ताप उतरला तं ठीक. नाई तं वटी राजन्नाजवळ दे, तो टाकते."

"वटी टाकत नाई गा," मातामाय म्हणाली. "भरतेत."

"मंग गाठोडं वापस ने."

गाठोड्यावरची तिची बोटं घट्ट झाली. आरमोरीच्या सगळ्या बायकांच्या मुठी त्यात होत्या, आणि माझ्यासारख्या शिंकणाऱ्या मुराळ्यावर तिनं सगळं टांगून ठेवलं होतं. त्या रात्री मी राजन्नाचा मिऱ्यांचा काढा इतका प्यालो की कान बधिर झाले. घाम फुटला तो पहाटेपर्यंत.

सकाळी डॉक्टर आले. आज त्यांचेही डोळे तांबडे होते. दोरीबाहेरूनच थर्मामीटर दिला, पाहिला, झटकला. "माता को ले जाओ," ते म्हणाले. "फिर सीधे स्टेशन."

दोन नोलियांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. मी वळलो.

काय सांगू? बाजारात इतकं सांगितलं होतं, त्यातलं एक अक्षर तोंडात येईना. मातामायही माझ्या सोबतच वळली होती.

"सांग ना गा आता," ती म्हणाली. "कसा हाय?"

"पाळ नाही त्याला," मी म्हटलं.

ती पाण्यात गेली. ओंजळ भरून तिनं पाणी तोंडाला लावलं आणि थबकली. "माय व! किती गावच्या पोरी इथं आल्या असतीन. अन् येताना सगळ्याच रडल्या."

ती गाठोड्याची गाठ सोडू लागली, आणि तेवढ्यात राजन्ना, देवमाणूस पण तोंडाला झाकण नाही, म्हणाला, "मातामाय, पन तुमची नदी इकडे नाही. ती गोदावरीत जाते. गोदावरी राजमुंद्रीच्या खाली मिळते, लय दूर."

मी नोलियाचा हात सोडून बुडता येतं का, ते पाहिलं. त्यानं सोडला नाही. सगळी यात्रा माझ्याकडे पाहत होती.

"काऊन गा," मातामाय म्हणाली, "तू तं म्हनला होता, इथंच मिळते?"

"म्हणालो होतो."

ती राजन्नाकडे वळली. "तिकडचा समुद्र अन् हा, दोन हायेत?"

"एकच."

"मधात भिंत-गिंत?"

"नाही."

"मंग काऊन भेव घालते गा?" तिनं पदर खोचला. "पोर घाईघाईत परसदारानं गेली असन. पाहुन्यानं समोरच्या दारानं यावं. मॅनेजरनं बरोबर आनलं."

आणि तिनं वटी भरली. खण, बांगड्या, तांदूळ, वर नारळ. लाट आली, सगळं पोटात घेऊन गेली. आम्ही हात जोडून उभे. दुसरी लाट आली. खण नाही, बांगड्या नाहीत, तांदूळ नाहीत; पण नारळ मात्र गडगडत आला आणि थेट मातामायच्या पायाशी थांबला.

तिनं तो उचलला, पदरानं पुसला.

"पाह्यलं?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "मायेरच्या मानसाले रिकाम्या हातानं नाई धाडत! घर चांगलं हाय रे बापा, पोरीचं घर चांगलं हाय!"

बिसनभाऊंनी दुपट्टा उडवला. नोलियांनी टोप्या उडवल्या. काय झालं ते न कळता वाळूवरच्या सगळ्या दोऱ्यांआडून टाळ्या वाजल्या. जाड बाबूंनी तर नाकाचा रुमाल काढून हलवला.

आम्ही मिरगाच्या आत घरी पोचलो, ढगांच्या आधी. मातामायनं तो नारळ वैनगंगेच्या घाटावर फोडला आणि घराघरात एकेक तुकडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात मला पेटीवर उभं राहावं लागलं नाही. बायका घरी येऊन सांगायच्या, "मॅनेजरभाऊ, आमालेही पोरीच्या सासरी जाचं हाय." मेहुण्यानं कोंड्यासाठी दुसरा माणूस ठेवला.

पण राजन्नाचं ते वाक्य मला टोचत राहिलं. काही वर्षांनी मी सगळी चौकशी करून, नकाशा पाहून, आरमोरीच्या बायकांना खास गोदावरीच्या मुखाशी घेऊन गेलो. नावेतून नेलं, नदी आणि समुद्र जिथं मिळतात ती रेघ बोटानं दाखवली. म्हटलं, आता तरी खरं दाखवलं. बायकांनी पाहिलं. गढूळ पाणी, चिखल, बगळे. एकीनं दुसरीकडे पाहिलं.

"हे तं परसदार होय," त्यांतली म्हातारी म्हणाली. "मॅनेजरभाऊ, पाहुने कोनी परसातून आनते का?"